भिंतीला कान असतात, पण तोंड हवं का?

"आमचं घर डोंगरीला आहे" असं हाफिसात सांगितलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो. मग हळूच विचारतो, "म्हणजे सँडहर्स्ट रोडची?" नाही हो! ती मुंबईतली डोंगरी. आमची डोंगरी भाईंदरची. भाईंदर पश्चिमेला उतरायचं, उत्तनची बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकायचं, मिठागरांवरून येणारा खारा वारा तोंडावर लागला की समजायचं आता आलंच. वर टेकडी, खाली गाव, आणि पुढे उत्तनला बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी टेकडीवरची झाडं तोडायला २०२५ साली विरोध झाला, तेव्हा कुठे टीव्हीवाल्यांना कळलं की या नावाचं अजून एक गाव आहे.

तर मंडळी, या गावातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत गाणी ऐकायची खोली करायचं मी गेल्या दिवाळीत ठरवलं. मी आठवडाभर मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर असतो आणि विकांताला गावी येतो. खोली १२ बाय १०, वर स्लॅब, उंची ९ फूट. निमित्त माझं नव्हतं, पप्पांचं होतं.

पप्पांनी तीस वर्षं नोकरी सांभाळून लग्नाच्या ब्रास बँडात कॉर्नेट वाजवला. आमच्याकडे लग्न म्हणजे घुमट आणि बँड, दोन्ही लागतं. एका बाजूला ट्रॉम्बोन, पाठीमागे मोठा ड्रम, आणि मध्ये पप्पा. चिक चॉकलेट हे त्यांचं दैवत. (नवीन मंडळींसाठी : अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचे ट्रम्पेटवादक, सी. रामचंद्रांचे साथीदार. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो.) गेली दोनेक वर्षं पप्पा गाणी लावेनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, "हल्लीचे स्पीकर बरोबर नाहीत, सगळं चिखलात वाजल्यासारखं वाटतं." मी इंजिनियर माणूस. बग रिपोर्ट आला की फिक्स शोधायचा हा आमचा स्वभाव. म्हटलं, चला, पप्पांसाठी झकास स्पीकर घेऊ. बायको म्हणाली, खोली लहान आहे, जमिनीवर डबे नकोत, भिंतीत बसणारे घे. झालं! पुढचे सहा विकांत माझे 'इन-वॉल स्पीकर कोणता घ्यावा' याचा कीस पाडण्यात गेले.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो, कारण पूर्ण लेख वाचायला सगळ्यांना वेळ नसतो. आपल्याकडच्या घरांत, शंभरातल्या नव्वद वेळा, प्रश्न 'कोणता इन-वॉल घ्यावा' हा नसतोच. 'ही भिंत फोडावी का' हा असतो. आणि त्याचं उत्तर बहुधा 'नको' असं असतं. आता कारणं.

आधी इन-वॉलची बाजू मांडतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी बोलतोय. भिंतीत बसवलेला स्पीकर ही केवळ दिखाऊ चैन नाही, त्यामागे चांगलं शास्त्र आहे. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवला की खालचे सूर सगळीकडे पसरतात, मागच्या भिंतीवर आपटून परत येतात आणि थेट येणाऱ्या आवाजाशी भांडतात. ज्या सुराच्या लहरीची पाव लांबी बरोबर ते दोन फूट भरते तो सूर जवळजवळ कापला जातो. गणित सोपं आहे : आवाजाचा वेग भागिले अंतराची चौपट. दोन फुटाला साधारण १४० हर्ट्झ येतात, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाचा पाया. भिंती आणि कोपरे स्पीकरच्या खर्जाचं काय करतात याचा अभ्यास रॉय ॲलिसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्पीकरचं तोंड भिंतीच्या पातळीत आणलं की मागे जायला वाटच उरत नाही, भांडणच मिटतं. मोठमोठ्या स्टुडिओत मुख्य स्पीकर भिंतीत चिणलेले असतात ते याचसाठी.

गंमत म्हणजे याच्या बरोब्बर उलट विचार करून एका बंगाली बापाच्या मुलाने नाव कमावलं. एमआयटीतले अमर बोस. त्यांचा १९६८ चा ९०१ हा स्पीकर. त्यात नऊ छोटे स्पीकर, त्यातले आठ मागे भिंतीकडे तोंड करून! एकाला भिंत शत्रू वाटते, दुसऱ्याला दोस्त. म्हणजे दोघांच्याही मते अर्धा स्पीकर ही भिंतच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की इन-वॉल स्पीकर हा अमेरिकन भिंतीच्या मापाने जन्माला आलाय. तिकडे घराची आतली भिंत म्हणजे १६-१६ इंचांवर उभ्या लाकडी पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना जिप्समचा पातळ बोर्ड. आत साडेतीन इंच पोकळी. बोर्डला करवतीने भोक पाडा, स्पीकर सरकवा, मागचे कान फिरवून बोर्डला चिमटा लावा, वर जाळी ठोका. तासाभराचं काम. स्पीकरच्या मागे जी हवा हवी ती त्या पोकळीत आयती मिळते. कॅटलॉगात 'माउंटिंग डेप्थ' पाहिलीत तर पुष्कळ मॉडेल साडेतीन-चार इंचांच्या आसपास घुटमळताना दिसतील. तो आकडा आवाजाच्या शास्त्रातून आलेला नाही, अमेरिकन सुताराच्या पट्टीतून आलाय.

आता आपल्या भिंती बघा. माझ्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंती चार इंची ब्लॉकच्या. साडेतीन इंच खोदले तर पलीकडच्या बेडरूममध्ये फक्त गिलावा उरेल. सहा इंची भिंत असेल तर दोन-अडीच इंच उरतील आणि त्यापलीकडे शेजाऱ्यांचं पाळणाघर असेल. आवाज अडवणाऱ्या भिंतीत क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी आरपार भोक पडलं तर बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. पाण्याच्या टाकीला एक टक्का भोक असलं तर टाकी नव्याण्णव टक्के भरलेली राहत नाही, तसंच. नव्या टॉवरमध्ये तर मायवान शटरिंग. तिथे विटेचा पत्ताच नाही, अख्खी भिंत काँक्रीट आणि सळ्यांची, आणि तीच इमारत उचलून धरते. तिथे कटर लावणं म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हरवर जाऊन एखादी फाइल 'बघू काय होतं' म्हणून डिलीट करणं. होतं काय ते खालच्या-वरच्या वीस मजल्यांनाही कळेल.

"मग खोटी भिंत उभी करू की!" असं इंटिरियरवाला म्हणतो. बरोबर आहे. जीआय चॅनेल, वर दुहेरी जिप्सम बोर्ड किंवा प्लाय, आत रॉकवूल. हे चालतं, आणि नीट केलं तर चांगलं चालतं. पण आपल्या १० फुटी खोलीतले चार-पाच इंच गेले. शिवाय बोर्ड नीट कसला नाही तर विशिष्ट सुराला भिंतच थरथरते आणि तुम्ही स्पीकर ऐकत नाही, बोर्ड ऐकता. मी एका दुकानात असा डेमो ऐकला. ड्रमचा प्रत्येक ठोका पडला की जाळीच्या बाजूला कुठेतरी 'झुर्र' असा आवाज. विक्रेता म्हणाला, सर, तो रेकॉर्डिंगमध्येच आहे. मी दुसरं गाणं लावायला सांगितलं. त्यातही 'रेकॉर्डिंगमध्येच' होता! असो.

आमच्या डोंगरीच्या घरात खोटी भिंत नको होती, कारण खरी भिंतच फार मोठी होती. मागची खोली नंतर वाढवलेली, तिच्या तीन भिंती विटांच्या, पण चौथी भिंत म्हणजे मूळ घराची बाहेरची भिंत. दीड फूट जाड, काळ्या दगडाची. माझ्या डोक्यात सरळ हिशोब : दीड फूट म्हणजे १८ इंच, स्पीकरला हवेत ४, म्हणजे १४ शिल्लक, चिंता कसली? गावातल्याच एका गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर हात फिरवला, छिन्नीच्या मागच्या बाजूने चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ही भिंत बाहेरून दगडाची दिसते, आत भराव आहे. दोन बाजूला दोन थर, मध्ये खडे, माती आणि चुना. एक दगड काढशील तर त्याच्या वरचे चार विचारतील, आम्ही कोणावर बसायचं?"

पंधरा वर्षं लेगसी कोड सांभाळतोय मी, पण डिपेंडन्सीची इतकी चांगली व्याख्या कोणी सांगितली नव्हती.

पप्पा दारात उभे होते. त्यांना गवंड्याचं बोलणं नीट ऐकू गेलं नाही. मला वाटलं होतं ते भिंत फोडायला विरोध करतील, कारण ती आजोबांनी बांधलेली. ते म्हणाले, "पाच दगड काढायचेत तर काढा की." गवंडी 'पाच' म्हणालाच नव्हता. तो शेवटी म्हणाला होता, "आवाज पास होईल." पप्पांना 'पास'चं 'पाच' ऐकू आलं होतं.

माझी ट्यूब तिथे पेटली. दोन वर्षं मी स्पीकरचा बग शोधत होतो आणि बग स्पीकरमध्ये नव्हताच.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना कानाच्या तपासणीला नेलं. बरीच कुरकुर झाली, पण आले. ऑडिओग्रामचा कागद हातात आला. १००० हर्ट्झपर्यंत रेषा वयाच्या मानाने बरी, नंतर उतार, आणि ४००० हर्ट्झला थेट ६० डेसिबलच्या खड्ड्यात. वर्षानुवर्षं मोठा आवाज ऐकलेल्या कानाची ही जवळजवळ सही असते : ३००० ते ६००० च्या मधला खड्डा. अमेरिकेतली नायोश ही संस्था सांगते की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. वरातीतला बँड पंधरा मिनिटांत घरी जातो का हो?

हा खड्डा पडला की माणूस बहिरा होत नाही, आणि तीच फसवणूक आहे. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट ऐकू येतात. म्हणून 'कोणीतरी बोलतंय' हे कळतं. पण स, श, च, फ, त या व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या पट्टीत असते आणि त्यांची ताकद मुळात कमी. ती गळून पडतात. वाक्याचा सांगाडा ऐकू येतो, अर्थ नाही. त्यात खोली घुमणारी असली की आधीच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पडते आणि उरलंसुरलंही पुसून जातं. उंच छताच्या चर्चमध्ये कॉयर इतका सुरेख का लागतो आणि तिथलं प्रवचन म्हाताऱ्या माणसांना का कळत नाही, याचं उत्तर एकच : घुमणं. सुरांना ते मानवतं, शब्दांना नाही. पप्पा 'चिखलात वाजतंय' म्हणत होते ते शब्दशः खरं होतं.

आता या कागदाच्या उजेडात माझी ती सहा विकांतांची एक्सेल शीट पाहिली. त्यात रकाने कोणते? ट्वीटर २० किलोहर्ट्झपर्यंत जातो की २५? डोम रेशमी की ॲल्युमिनियमचा? वूफर साडेसहा इंची की आठ इंची? पप्पांच्या कानाच्या दृष्टीने यातल्या बहुतेक रकान्यांची किंमत शून्य. १९५१ च्या मोनो रेकॉर्डिंगच्या दृष्टीनेही शून्य. आणि 'खोली किती घुमते?' असा रकानाच नव्हता!

म्हणून तो काढला. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाईन यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यान कळत नाही म्हणून एका हॉलमध्ये रात्र-रात्र बसून, खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर नेऊन जे सूत्र शोधलं, आणि ज्याच्या जोरावर १९०० साली बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला, ते सूत्र तुम्ही-आम्ही वहीच्या पानावर करू शकतो. खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले खोलीतलं एकूण शोषण (फुटांमध्ये). आमचं घनफळ १०८० घनफूट. भिंती, छत आणि फरशी मिळून ६३६ चौरस फूट. गिलावा आणि लादी आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग गिळतात असं धरलं तर शोषण १९. उत्तर : २.८ सेकंद. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवली तर ती पावणेतीन सेकंद रेंगाळते! ऐकायच्या छोट्या खोलीला ०.३ ते ०.५ सेकंद पुरे. ०.४ हवे असतील तर शोषण १३० च्या घरात न्यायला हवं. म्हणजे सातपट. जगातला कुठलाही स्पीकर, भिंतीतला असो की आभाळातला, हे काम करू शकत नाही. हे काम गादी, पडदा, गालिचा, पुस्तकांचं कपाट आणि रॉकवूलच्या चौकटी करतात.

मी सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या, दोन इंच जाडीच्या आठ चौकटी करून घेतल्या. आत रॉकवूल, वर साधं सुती कापड. ६४ चौरस फूट त्यातच झाले. बाकी एक जुना सोफा, जाड पडदे आणि आईने जपून ठेवलेल्या गोधड्या. (गोधडी हा भारतीय ध्वनिशास्त्राचा दुर्लक्षित अध्याय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. :) ) खर्च इन-वॉलच्या जोडीच्या पाव भागाइतकाही नाही.

राहिला स्पीकरचा प्रश्न. आणि तिथे त्या दगडी भिंतीनेच उत्तर दिलं.

त्या भिंतीत तीन कोनाडे आहेत. मधल्यात क्रूस आणि मेणबत्ती. डावी-उजवीकडच्या दोघांत वर्षानुवर्षं काहीबाही पडलेलं. पप्पांनीच आठवण सांगितली की डावीकडच्या कोनाड्यात आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा, आणि संध्याकाळी आजूबाजूची पोरं ओसरीवर बसून ऐकायची. अहो, म्हणजे आमच्या घरात इन-वॉल स्पीकर माझ्या जन्माआधीपासून होता! भिंत बांधतानाच कोनाडा ठेवलेला, वर आडवा दगड घातलेला. म्हणजे 'वरचे दगड कोणावर बसणार' याचं उत्तर आजोबांच्या गवंड्याने आधीच देऊन ठेवलं होतं. मला फक्त वापरायचं होतं.

कोनाडे १४ इंच रुंद, १८ इंच उंच, १० इंच खोल, एकमेकांपासून सहा फूट. त्यात बसतील असे साधे बुकशेल्फ स्पीकर घेतले. अट एकच : मागे भोक नको. बुकशेल्फ स्पीकर बहुधा पेटीच्या मागच्या बाजूला हवेसाठी नळी घेऊन येतात, कोनाड्यात ती गुदमरते. म्हणून पूर्ण बंद पेटीचा घेतला. (बंद पेटीतली हवाच स्प्रिंगचं काम करते, ही एडगर विलचर यांची १९५४ ची युक्ती. छोट्या डब्यातून खर्ज काढायचा हा रस्ता अजूनही कुठे बंद पडलेला नाही.) खाली रबराचे तुकडे, मागून छोटी पाचर लावून तोंड किंचित खाली झुकवलं, कारण कोनाडा कानाच्या पातळीच्या जरा वर आहे. स्पीकरचं तोंड भिंतीच्या पातळीत. भोवतालच्या फटीत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस ठासून भरला आणि वर प्लायची चौकट दाबून बसवली. एक खिळा नाही, एक झिरी नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिल्या दिवशी आवाज घागरीतून आल्यासारखा. कारण उघड होतं : मोकळा स्पीकर बनवताना कंपनी गृहीत धरते की खालचे सूर मागे पसरून वाया जाणार, म्हणून ते थोडे वाढवून ठेवते. भिंतीत बसवला की ते वाया जात नाहीत आणि खर्ज फुगतो. खरे इन-वॉल हे गृहीत धरूनच ट्यून केलेले असतात, तो त्यांचा खरा फायदा. मी ॲम्प्लिफायरच्या ईक्यूमध्ये ४०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबल उतरवले आणि घागर गेली. ४७ आणि ५६ हर्ट्झला खोलीची स्वतःची घुम अजून आहे. १२ आणि १० फुटांची खोली म्हटल्यावर ती असणारच. तिच्याशी मी समझोता केलाय.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्याकडे कोनाडा होता, आमच्या टू बीएचकेत कुठला? मान्य. म्हणून माझं मत कोनाड्याविषयी नाही, ते असं आहे : भिंत ही हार्डवेअर आहे आणि स्पीकर ही आवृत्ती. घर साठ-सत्तर वर्षांचं, स्पीकर पंधरा वर्षांचा, आणि आपले कान रोज बदलणारे. ज्याचं आयुष्य कमी ते ज्याचं आयुष्य जास्त त्यात चिणून टाकणं याला आमच्या धंद्यात हार्डकोडिंग म्हणतात आणि कोड रिव्ह्यूमध्ये त्याच्यावर लाल शाई पडते. कंपनीने मॉडेल बंद केलं तर नेमक्या त्याच मापाचा दुसरा मिळेल याची खात्री नाही. मग भिंतीतलं भोक हेच तुमचं पुढचं स्पेसिफिकेशन. आमच्याकडे त्यात खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल. जुलैत दगडी भिंतीला घाम येतो. मी चौकट काढतो, स्पीकर बाहेर घेतो, टर्मिनल पुसतो, कोनाडा वाळवतो, परत ठेवतो. चिणलेला असता तर?

तरीही कोणाला इन-वॉलच घ्यायचा असेल, म्हणजे घर नव्याने बांधताय, किंवा खोटी भिंत कुठल्यातरी कारणाने येणारच आहे, तर जरूर घ्या, वाईट वस्तू नाही. पण मागे स्वतःची बंद पेटी असलेलाच घ्या. उघड्या पाठीचा स्वस्त पडतो, पण त्याचा आवाज तुमच्या भिंतीतल्या पोकळीवर ठरतो, आणि ती पोकळी कंपनीच्या इंजिनियरने कधी पाहिलेली नसते. दुसरं, जागा ठरवण्याआधी त्याच जागी साधा स्पीकर स्टुलावर भिंतीला टेकवून महिनाभर ऐका. सोफा कुठे येणार हे पक्कं झाल्याशिवाय करवत लावू नका, स्टुल हलवता येतं, भोक नाही. तिसरं, वायर नळीतून घ्या, गिलाव्यात थेट गाडू नका. चौथं, शेजाऱ्यांची भिंत सोडा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. पण नियमाच्याही आधी शेजारधर्म आहे. आणि पाचवं, म्हणजे खरं तर पहिलं : पन्नाशीच्या पुढच्या ज्या माणसासाठी हे सगळं चाललंय त्याची आधी कानाची तपासणी करा. ती एका एचडीएमआय केबलच्या किमतीत होते.

पप्पांनी कानाच्या मशीनला आधी साफ नकार दिला होता. "बाजेवाल्याच्या कानात मशीन? गाव हसेल." खोली झाल्यावर ते तिथे बसू लागले आणि त्यांचं त्यांनाच कळलं की या खोलीत आपल्याला बरंच समजतं आणि बाहेर नाही. मी काही बोललो नाही. तीन आठवड्यांनी स्वतःच म्हणाले, ट्रायलला जाऊ. आता मशीन आहे. बोलण्यासाठी एक सेटिंग आणि गाण्यासाठी दुसरं, कारण बोलणं स्पष्ट करण्यासाठी मशीन जी दाबादाबी करतं त्याने कॉर्नेटचा सूर बिघडतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं. खड्डा आहे तिथेच आहे. गेलेलं परत येत नाही. ऐंशी टक्के वेळा मशीन बरं, वीस टक्के वेळा ते काढून टेबलावर ठेवतात आणि माझ्याकडे बघून हसतात.

गेल्या रविवारी ते खोलीत 'अलबेला' लावून बसले होते. मी त्यांच्या पाठीमागे दारात होतो, त्यांना दिसत नव्हतो. नेहमीच्या आवाजात विचारलं, "पप्पा, चहा टाकू?" वळले नाहीत. गाणं चालूच होतं. दोन सेकंदांनी म्हणाले, "टाक. साखर कमी."

त्या खोलीचं टेस्टिंग माझ्यापुरतं तिथे संपलं. चला, सोमवार आला.